लाल सालीचे बटाटे

९ ऑक्टोबर

ठकू,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन मागच्या खोलीत आहे आणि तुझा दादा दिवसभर त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याच्याविषयी त्याच्याच उशाशी उभं राहून मी काय बोलणार? दुकानातल्या फोनला हात लावायला मला मालकांची भीती वाटते. दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. मालक मागे डुलक्या काढतात, तेवढ्यात काउंटरवर हे लिहून घेतेय.

कॅंटीनची नोकरी त्याने पाठ धरली म्हणून सोडली, असं मी तुला सांगितलं होतं. त्याच्या पाठीला काहीही झालेलं नाही. मागे त्याला जोराचा ताप आला होता ना, त्या तापात त्याचा वास गेला आणि वासाबरोबर चवही. आता त्याला अत्तर आणि रॉकेल सारखंच. हे त्याने मला सांगितलं, पण कारखान्यात कोणाला कळू दिलं नाही. आचारीबुवांचं नाक गेलं म्हटल्यावर लोक हसतील, म्हणाला. अंदाजाने करत राहिला. इतक्या वर्षांचा हात, कोणाला संशयही आला नाही. मग एके दिवशी आंबलेला रस्सा वाढला गेला आणि सकाळची अख्खी पाळी आडवी झाली. पुढे सगळे बरे झाले. पण नंतर जे बाहेर आलं ते त्याच्या जिव्हारी लागलं. मदतनीस पोरांना वास आला होता, झाकण काढल्याबरोबर आला होता. पण आचारीबुवांचा पारा तुला ठाऊक आहे. तुमचा रस्सा आंबलाय हे त्यांना सांगणार कोण? पोरांनी नाक दाबून वाढलं.

त्याला कोणी काढलं नाही. तो स्वतःच ॲप्रन खुंटीला अडकवून घरी आला आणि आडवा झाला. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. मी समोर बसले तर चार घास खातो, एरवी तेही नाही. पँट कमरेवर ठरत नाही. घरातल्या सुऱ्या मी कपाटात घालून कुलूप लावलंय. का ते विचारू नकोस, मलाच धड सांगता येणार नाही.

तू त्याची लाडकी बहीण. तूच काही सुचव, माझी अक्कल चालेनाशी झालीय.

तुझी वहिनी

१८ ऑक्टोबर

वहिनी,

आधी तुला दोन शिव्या घालते, मग पुढचं. पाठ धरली म्हणे. मी इथून मालिशचं तेल पाठवलं, शेकायची पिशवी पाठवली, आणि तुम्ही दोघांनी ती निमूट ठेवून घेतली. आपल्या घरात हे असंच. प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

सुऱ्यांचं वाचलं तेव्हा मी शिवणाचं मशीन थांबवलं. कुलूप राहू दे. किल्ली स्वतःजवळ ठेव.

आता ऐक. पडलेल्या माणसाला शब्द नको असतात, त्याला काम लागतं. पण त्याला स्वयंपाकाचं काही करायला सांगशील तर तो उरलंसुरलं तोंडही फिरवेल. म्हणून सोबत पार्सल पाठवतेय. त्यात बटाटे आहेत, बेण्याचे, लाल सालीचे, माझ्याच परसातले. त्यांना कोंब आलेत, तेव्हा शिजवायला घेऊ नकोस. तुमच्या मागच्या दारी नळाशेजारी जमिनीचा तुकडा रिकामा पडलाय, तिथे लाव. मातीत हात घालायला ना नाक लागतं ना जीभ.

मोठे बटाटे कापून घे, पण प्रत्येक तुकड्यावर दोन डोळे तरी राहू देत. कापलेली बाजू सुकली की वीतभर खोल पुरायचं, डोळे वर करून. पाणी बेताने घाल. बटाटा काही पाहुणा नव्हे, सारखं विचारलेलं त्याला सोसत नाही, कुजतो. रोपं वर आली की दोन्ही बाजूंची माती ओढून त्यांच्या गळ्यापर्यंत चढवायची. याला भर लावणं म्हणतात. बटाटा स्वभावाने लाजरा, त्याला उजेड मानवत नाही. बाकी काही विसरलीस तरी चालेल, भर विसरू नकोस.

आणि त्याला मदत कर असं म्हणू नकोस. तू आपली एकटीने सुरुवात कर, चुकत चुकत.

ठकू

१२ नोव्हेंबर

ठकू,

चुकत चुकत कर म्हणालीस, ते मला मुद्दाम करावंच लागलं नाही. मी आयुष्यात कुंडीसुद्धा नीट सांभाळलेली नाही. कुदळ उचलली की माझ्याच पायावर येते. पार्सल आलं त्या रविवारी सकाळी खणायला घेतलं, अर्ध्या तासात तळहाताला फोड आले. तरी रेटलं. तुकडे पुरत पुरत कुंपणापर्यंत गेले, तर खिडकीतून आवाज आला, "ओळ वाकडी जातेय."

मी मागे वळून बघितलंच नाही. वळले असते तर तो पुन्हा आडवा झाला असता. नुसतं म्हटलं, "जाऊ दे, बटाट्याला काय कळतंय." थोड्या वेळाने तो पायात चपला घालून दारात येऊन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या पायात चपला बघितल्या. मग दोरी आणून दोन टोकांना काटक्या रोवून गेला. दुसरी ओळ सरळ आली.

आता कोंब वर आलेत. तो दिवसातून एकदा दारापर्यंत येतो, बघतो आणि परत जातो. जेवणाचं मात्र तसंच आहे. काल मी अंड्याचं केलं, तर म्हणाला, "ओला कागद चावतोय असं वाटतं." आणि ताट सरकवलं. मी नंतर न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

तुझी वहिनी

२५ नोव्हेंबर

वहिनी,

वाकडी ओळ वाचून हसू आलं आणि न्हाणीघराचं वाचून मीही रडून घेतलं. हा त्याचा जुना स्वभाव. लहानपणी मी ताटं मांडायचे आणि हा मागून येऊन एकेक ताट बोटभर सरकवायचा. त्याला चूक दिसली की राहवत नाही. ही त्याची खोड आपल्या कामी येऊ दे.

आता भर लावायची वेळ झालीय. माती कमी पडली तर बाहेरून आण, पण चढव. या कामाला त्याला हाताशी घेता आलं तर घे. आणि ताट सरकवलं म्हणून तू उपाशी राहू नकोस. तू पडलीस तर त्याला उठवणार कोण?

ठकू

२० डिसेंबर

ठकू,

चांगली बातमी आहे आणि ती मला कोणाला तरी सांगायचीच होती.

मागच्या आठवड्यात पाणी घालताना माती थोडी वाहिली आणि एका रोपाच्या बुडाशी लाल काहीतरी चमकलं. गोटीएवढा बटाटा. मी आत जाऊन सांगितलं, "दिसतोय एक." तो उठून आला. उकिडवा बसला. बोटाने त्या बटाट्यावरची माती पुसली आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी उठवायच्या आधी विचारतो, "आज दिसतोय का?" तेव्हापासून रोज सकाळी बाहेर येतो. रोज एखादा दुसरा दिसतोच. मग तिथेच पायरीवर बसून चहा पितो, चहाबरोबर पाव खातो. काल दोन खाल्ले. माझा जीव भांड्यात पडला.

भर लावलीय, तू सांगितली तशी. काळजी करू नकोस.

काल पहिल्यांदाच त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारलं, "हे निघाले की काय करणार आहेस त्यांचं?" मी म्हटलं, "मला काय येतंय? तूच बघ." तो नाही म्हणाला नाही.

तुझी वहिनी

२ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र मी मशीनवर ठेवून तीन-चार वेळा वाचलं. आमच्या घरातल्यांना वाटलं, मला लॉटरी लागली.

पण एक गोष्ट खटकतेय. भर लावली म्हणतेस, मग बटाटे रोज दिसतात कसे? भर लावल्यावर बटाटा दिसताच कामा नये. पाण्याने माती वाहून जात असेल तर परत ओढून घे. आणि जे वर उघडे पडलेत ते काढून फेकून दे, खाऊ नका. मागे मी लाजरा वगैरे लिहिलं ती गंमत झाली, नीट सांगायला हवं होतं. उजेड लागलेला बटाटा हिरवा पडतो, कडू होतो आणि पोटाला बाधतो. शिजवला तरी त्याचा गुण जात नाही. आपल्या बेण्याची साल लाल आहे, त्यामुळे खालचं हिरवं वरून कळतही नाही. कोणी एकाने जिभेला लावून बघितला तर कडवटपणा लगेच समजतो, पण त्याला तो समजणार नाही, हे लक्षात ठेव.

पत्र मिळाल्यावर दुकानातून मला फोन कर. मालकांना माझं नाव सांग, ते काही खात नाहीत.

ठकू

९ जानेवारी

ठकू,

तुझं दोन तारखेचं पत्र शेजारणीने आज मला दवाखान्यात आणून दिलं. मी आता बरी आहे. सलाईन काढलंय, उद्या घरी सोडतील. पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर समजून घे.

मी भर लावली नव्हती. म्हणजे लावली होती, आणि रोज काढत होते. पहिला बटाटा दिसला त्या दिवशी तो जसा उठून आला, ते मला परत परत हवं होतं. म्हणून तो जागा व्हायच्या आत मी मागे जायचे आणि एकेका रोपाच्या बुडाची माती हाताने बाजूला करायचे. आज हा, उद्या तो. त्याला रोज काहीतरी दिसायला हवं, नाहीतर तो उठणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परत झाकायचं राहून जायचं. खरं सांगायचं तर झाकावंसंच वाटायचं नाही.

सहा तारखेला त्यानेच म्हटलं, "वरचे काढून बघू." टोपलीभर निघाले, लहान लहान. त्याने ते नळाखाली घासून धुतले. मग आत गेला आणि गॅस पेटवला. ठकू, गॅस पेटवल्याचा तो आवाज ऐकून मी बाहेरच पायरीवर बसून राहिले. सुरी त्याने मागितली नाही आणि मीही दिली नाही. अख्खेच बटाटे सालासकट जाड बुडाच्या पातेल्यात लोण्यावर परतले, वर मीठ-मिरी, झाकण ठेवून वाफ काढली. किती वेळा झाकण काढून बघावं त्याने. वास येत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांनी ओळखत होता शिजलं की नाही.

त्याने मला वाढलं आणि समोर बसला. "कसं झालंय?"

पहिल्याच घासाला जीभ चरचरली. कडू, आणि घशाशी ओरखडल्यासारखं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी त्या तोंडावर काहीतरी होतं.

"छान," म्हटलं.

"खरं?"

"अगदी."

त्याने अजून वाढलं. मी सगळं संपवलं. त्याने स्वतः दोन-तीनच खाल्ले, मला जास्त मिळावेत म्हणून.

संध्याकाळी मी आडवी झाले. ओकाऱ्या, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधारी. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याने मला इथे आणलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, कोणी केलं. "मी केलं," असं तो म्हणाला ते मला गुंगीत ऐकू आलं. तो आवाज मला विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी घरून आला तो खिशात उरलेला कच्चा बटाटा घेऊन. माझ्या खाटेशी उभं राहून हाताने मोडला. सालीखाली सगळीकडे हिरवा.

"कडू लागला होता?"

"नाही," म्हटलं मी. तेव्हाही, ठकू. तेव्हाही मी नाहीच म्हटलं.

तो म्हणाला, "कॅंटीनमधली पोरं मला घाबरून गप्प बसली. तू कशाला घाबरलीस?"

मी चादर तोंडावर ओढून घेतली. तेव्हापासून तो येतो, दूध देतो, स्टुलावर बसतो आणि बोलत नाही. घरी काही खातो की नाही देव जाणे. शेजारीण म्हणते, स्वयंपाकघराचं दार बंद करून टाकलंय.

त्याला वाटतंय, बेणंच खराब निघालं. तसंच वाटू दे. मी माती उकरत होते हे त्याला कळता कामा नये. त्याच्यासाठी म्हणून केलं आणि त्याच्याच हातून मला बाधलं, हे त्याला सोसणार नाही. तुला माझी शपथ आहे.

तुझी वहिनी

१६ जानेवारी

दादा,

वहिनीने सांगू नको म्हणून शपथ घातलीय, म्हणूनच सांगतेय. आपल्याकडे एकमेकांपासून लपवून कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही.

बेणं चांगलं होतं. वहिनी रोज पहाटे उठून बटाट्यांवरची माती हाताने काढायची, तुला ते दिसावेत म्हणून. ते दिसले की तू उठायचास. म्हणून ते हिरवे पडले. आणि उजेडाने विष चढतं हे मी तिला वेळेवर सांगितलं नाही, थट्टेत उडवलं, तेव्हा निम्मा दोष माझा. तिने कडू घास गिळला, कारण तू जेवणाच्या टेबलाशी बसला होतास. तिला भीती होती ती तू परत भिंतीकडे वळशील याची. तू तिला विचारलंस ना कशाला घाबरलीस, तर याला.

आता तुला भिंतीकडे तोंड करून झोपायचं असेल तर झोप. पण हे सगळं ऐकून झोप. तुझ्यावर मी कधी आवाज चढवला नाही, आजही चढवत नाहीये. पण मला भीती वाटतेय, दादा. तुझीही आणि तिचीही.

ठकू

४ फेब्रुवारी

ठकू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. पत्र लिहायची सवय मला नाही, तुला माहीत आहे. चुकलं-माकलं तर शिक्षिकेसारखी लाल रेघ मारून परत पाठवू नकोस.

तुझी वहिनी माती उकरायची ते मला ठाऊक होतं. खिडकी माझ्या उशाशी आहे. पहाटे तिच्या बांगड्यांच्या आवाजाने जाग यायची. थंडीत गुडघ्यांवर बसून हाताने माती सारायची, मग नळावर हात धुवायची, पदराला पुसायची आणि आत येऊन सहज सांगितल्यासारखं सांगायची, आज एक दिसतोय. बटाटा बघायला कोण उठतंय? तिने एवढं केल्यावर पडून राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून उठायचो. मग उठायची सवय लागली. मीही तिला काही बोललो नाही. उजेडाने बटाटा हिरवा पडतो हे मला तिच्याहून जास्त माहीत असायला हवं. माहीत होतंच, पण गोणीतल्या बटाट्याचं. जन्मभर तो माझ्याकडे गोणीतून आला. जमिनीतल्या बटाट्याचं डोक्यातच आलं नाही. तेव्हा दोषाची वाटणी परत करावी लागेल, निम्मा तुला एकटीला मिळणार नाही.

ती घरी आल्यावर चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी भांडलो. शेजारीण दार वाजवून गेली, इतकं भांडलो. मी म्हटलं, तू मला खोटं सांगितलंस. ती म्हणाली, तुला खरं सांगायची सोय ठेवलीस कधी? वर म्हणाली, लग्न झाल्यावर एकदा मी म्हटलं होतं, वरण खारट झालंय, तर दोन दिवस तू जेवला नाहीस. मला ते आठवतही नव्हतं. इतक्या वर्षांत तिने माझ्या हातच्या जेवणाला कधी नाव ठेवलं नाही. मला वाटायचं, नाव ठेवण्यासारखं त्यात काही नसतंच. कॅंटीनमधल्या पोरांनाही मी असंच शिकवलं. नाक माझं तापात गेलं, पण लोकांची तोंडं मी त्याआधीच बंद करून ठेवली होती.

सुऱ्यांच्या कुलपाविषयीही बोललो. ते इथे लिहीत नाही. तुझी भीती चुकीची नव्हती, एवढंच सांगतो. अजूनही काही सकाळी उठवत नाही. पण आता तसं असलं की मी तिला सांगतो.

वास आलेला नाही. येईल की नाही डॉक्टरही सांगू शकत नाहीत, आणि मीही आता त्यांना खोदून विचारत नाही.

रविवारी उरलेला वाफा खणला. खालचे, मातीच्या पोटातले बटाटे चांगले निघाले. तरी मी तिच्याकडून सुरी मागून घेतली, एकेक कापून उजेडात धरून बघितला आणि तिनेही बघितला. जरा शंका आली की टाकला. मग कांदा चिरून बटाटे परतायला टाकले. मध्येच वाफ्याकडे बघत राहिलो आणि खाली लागलं असावं. मला कळायला काही मार्ग नव्हता. तिला वाढलं आणि समोर बसलो.

विचारलं, "कसं झालंय?"

तिने घास तोंडात धरून ठेवला. बराच वेळ. परत गिळेल आणि छान म्हणेल, असं वाटलं. मग तिने घास ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "नाही खाववत. करपलंय."

ठकू, कारखान्यात मोठ्या साहेबाने बोलावून शाबासकी दिली होती ना, तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मी ओट्याला धरून उभा राहिलो. ती घाबरून उठली, तिला वाटलं मला लागलं ते बोलणं. मी नाही म्हणून मान हलवली.

सगळं पातेलं ओतून दिलं. तिला म्हटलं, तू बस, भूक लागली असेल. आणि परत कांदा चिरायला घेतला.

तुझा
दादा